बसा निवांत म्हणू नका, खेळायला बोलवा



आपल्याकडं घरातलं माणूस साठी-पासष्टीला आलं, की आपण मोठ्या मायेनं एक वाक्य बोलतो. "आत्याबाई, तुम्ही बसा आता निवांत. आम्ही करतो सगळं." बोलण्यात माया असते, खोट काही नसते. पण याच वाक्यानं आमच्या गटातल्या एका मावशींचं काय झालं, ते आज आधी सांगतो. मग खेळाकडं वळू. टीव्हीसमोर उभं राहून खेळायच्या व्हिडिओ गेमकडं. हसू नका, आम्हीही आधी हसलोच होतो.

या मावशी आमच्या गटातल्या सगळ्यांत जुन्या सदस्य. माहेर-सासर दोन्ही लोहारा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या. भूकंपानंतर धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत घरदुरुस्तीचा मोठा कार्यक्रम झाला. त्यात गावोगावच्या बायकांनी 'संवाद सहायक' म्हणून काम केलं. घरोघर जायचं, अनुदान कसं मिळतं ते सांगायचं, भिंत भक्कम कशी करायची ते समजावायचं. मावशी त्यातल्याच एक. दिवसभर उन्हात गल्ल्या तुडवलेली बाई.

अलीकडं त्यांचे गुडघे दुखायला लागले. आम्ही गटातल्या बायकांनी ठरवलं, यांना त्रास द्यायचा नाही. "मावशी, मीटिंगला येऊ नका. रजिस्टर घरी पाठवतो, सही करा." शेवया-पापडाच्या कामातूनही त्यांना मोकळं केलं. आम्हाला वाटलं, मान दिला.

वर्षभरात त्या ओट्यावरून न्हाणीपर्यंत भिंत धरून जायला लागल्या. दिवाळीनंतर मुलगा-सून कोयता घेऊन ऊसतोडीला गेले. घरी मावशी आणि शाळेत जाणारी नात. एका सकाळी मावशी न्हाणीत पडल्या. मनगट मोडलं. नात शाळेत गेलेली, शेजारणीनं आवाज ऐकला म्हणून कळलं. सून चार दिवस आली आणि परत गेली, कारण उचल घेतलेली होती. जाताना ती एवढंच म्हणाली, "ताई, मी इथं राहिले तर उचल फिटत नाही, आणि तिथं गेले तर जीव इथं राहतो."

मैत्रिणींनो, आपल्या भागातल्या किती घरांचं हे चित्र आहे! तरुण माणसं पुण्याला, नाहीतर फडावर. गावात उरतात म्हातारी माणसं आणि लेकरं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरांतले जवळपास दहा जण साठीच्या पुढचे होते. अशा घरात म्हातारं माणूस पडलं, तर एकट्याचं हाड मोडत नाही, सगळ्या घराचा हंगाम मोडतो. खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशन, अंथरूण आणि पुढं सुनेच्या नाहीतर लेकीच्या मागं लागलेली सेवा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात दरवर्षी पडल्यामुळं ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात, आणि त्यात सगळ्यांत जास्त साठीच्या पुढची असतात.

बसून राहिल्यानं काय होतं?

आपण समजतो, म्हातारपणी शरीर झिजतं, म्हणून ते जपून वापरावं. नांगराच्या फाळासारखं. पण शरीराचं गणित उलटं आहे. फाळ वापरल्यानं झिजतो, पायाचे स्नायू न वापरल्यानं झिजतात. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास आहे. मोजक्या निरोगी ज्येष्ठांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलं. आजार काही नाही, जेवण-खाण व्यवस्थित. तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस, म्हणजे स्नायू, कमी झालं. आता विचार करा, आपण मायेनं वर्षभर बसवून ठेवतो, तेव्हा काय होत असेल.

दुसरी गोष्ट तोलाची. तोल सांभाळायला शरीराला तीन साक्षीदार लागतात. डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव, आणि तळपाय-सांधे. मोतीबिंदू आला की एक साक्षीदार कच्चा होतो. साखरेच्या आजारानं तळपाय बधिर झाले की दुसरा. मग पाय जरा अडखळला, की सावरायला वेळ लागतो आणि माणूस पडतं. पण तोल सरावानं परत बराचसा सुधारतो. त्यासाठी वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घ्यावं लागतं, हात लांब न्यावा लागतो, मान वळवावी लागते, बसून उठावं लागतं. ओट्यावर बसून माळ ओढताना यातलं काहीच होत नाही.

मग व्हिडिओ गेम कुठून आला?

व्हिडिओ गेम म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेलं पोरगं येतं. पण काही खेळ असे आहेत, की त्यात बोटं नाही, सगळं अंग हलवावं लागतं. जपानमध्ये १९९८ साली नाचाचा एक खेळ आला. पायाखाली बाणांच्या खुणा, पडद्यावर जो बाण येईल त्यावर पाय टाकायचा. २००६ साली निन्टेन्डो कंपनीचं 'वी' नावाचं यंत्र आलं. हातात दांडी धरून हात फिरवला, की पडद्यावरचा चेंडू फिरतो. पुढच्याच वर्षी त्याला वजनकाट्यासारखी एक फळी आली. फळीच्या चारी कोपऱ्यांत वजन मोजायची सोय, म्हणून माणूस डावीकडं किती झुकलं, उजवीकडं किती, ते पडद्यावर दिसायचं. २०१० साली मायक्रोसॉफ्ट कंपनीनं 'किनेक्ट' नावाचा कॅमेरा आणला. त्यात हातात काही धरायचं नाही, पायाखाली काही ठेवायचं नाही. समोर उभं राहायचं, कॅमेरा आपले हात-पाय ओळखतो.

हे खेळ केले होते तरुण आणि लेकरांसाठी. पण परदेशातल्या वृद्धाश्रमांनी आणि फिजिओथेरपी करणाऱ्यांनी ते उचलले. कारण त्यांना रोजची एक अडचण होती. म्हाताऱ्या माणसाला 'पाय उचला, दहा वेळा' म्हटलं की चार दिवसांत कंटाळा येतो. 'तो फुगा फोडा' म्हटलं की तेच माणूस वीस वेळा हात वर करतं आणि मोजतही नाही. आता त्यातली काही यंत्रं बाजारात मिळत नाहीत, पण साध्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चालणारे तसे खेळ आले आहेत.

आमच्या गावात काय झालं

आमच्या गावात जानेवारीत कॉलेजच्या मुलामुलींचं राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर आलं. ही योजना १९६९ पासून देशभर चालू आहे. मुलांना वर्षाला १२० तास समाजाचं काम करायचं असतं, आणि सात दिवसांचं शिबिर गावात असतं. दरवेळी मुलं रस्ते झाडतात, झाडं लावतात, रात्री कार्यक्रम करतात. यावेळी आम्ही त्यांच्या सरांना म्हटलं, "गाव झाडायला आमचे हात आहेत. आमच्या म्हाताऱ्या माणसांसाठी रोज एक तास द्या."

त्यातल्या एका मुलाकडं मोबाईलमधला असा खेळ होता. शाळेच्या वर्गात टीव्ही आहे. त्याला मोबाईल जोडला आणि दुपारी चार वाजता सात-आठ आज्या, तीन आजोबा गोळा केले. मावशींचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. त्या येईनात. "या वयात काय खेळायचं? लोक हसतील." शेवटी नातच हाताला धरून घेऊन आली.

पहिला दिवस फजितीचा झाला. खेळात पाय उचलायचा होता, आणि कॅमेऱ्याला लुगड्यातला गुडघा दिसेना! आजी पाय उचलतेय, पडद्यावरची बाहुली ढिम्म. त्यात खेळाचा वेग पोरांचा, सूचना इंग्रजीत. एक आजी रागावून म्हणाल्या, "हे यंत्र तुमच्यासारखंच आहे, म्हाताऱ्या माणसाकडं बघतच नाही." आजोबा समोर बसलेले, म्हणून बायका हात वर करायलाही लाजत होत्या.

मुलांनी रात्री बसून विचार केला. दुसऱ्या दिवशी बायकांची वेळ वेगळी केली. पायाचा खेळ सोडून हाताचा घेतला: पडद्यावर डावीकडं-उजवीकडं फळं पडतात, ती झेलायची. हात लांब केला की वजन आपोआप त्या पायावर जातं. वेग सगळ्यांत कमी ठेवला. एक मुलगी पडद्यावरचं मराठीतून सांगायला उभी राहिली, आणि प्रत्येक आजीच्या बाजूला एक जण. चौथ्या दिवशी आज्या चार वाजायच्या आधी शाळेच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. मावशी एका हातानंच खेळल्या, पण खेळल्या.

सात दिवसांनी शिबिर संपलं. मुलं गेली, मोबाईल गेला. आणि आज्या परत ओट्यावर बसल्या. तेव्हा आम्हाला कळलं की खेळ यंत्रात नव्हता. 'आजी, चला' म्हणून रोज दारात येणाऱ्या पोरांत होता.

मग आम्ही गटाच्या मीटिंगमध्ये विषय घेतला. गावातल्या चार मुली, दोन मुलं तयार झाली. बारावी झालेल्या, कॉलेजला जाऊन-येऊन करणाऱ्या. सोमवार, बुधवार, शनिवार, अर्धा तास. खेळ एका मुलीनं आपल्या मोबाईलवर घेतला. पण शाळेला सुट्टी असली की टीव्ही बंद, आणि लाईटचं तर तुम्हाला माहीतच आहे. अशाच एका दिवशी लाईट गेली, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "टीव्ही नसला तर नसू द्या, पंचमीला काय टीव्ही लावून खेळत होतो का?" आणि त्यांनी झिम्म्याचा हात पुढं केला. आम्ही बघत राहिलो. टाळी द्यायला हात लांब, एक पाऊल डावीकडं, एक उजवीकडं, मान वळलेली. जे पडद्यावरचं फळ मागत होतं, तेच झिम्मा मागत होता. पंचमीचे, महालक्ष्म्यांच्या वेळचे खेळ आपल्या बायकांच्या अंगात आहेत. फक्त 'वय झालं' म्हणून आपण त्यांना फेरातून बाहेर काढलं.

अभ्यास काय सांगतात?

२०१९ साली जगभरातले शंभराहून जास्त अभ्यास एकत्र करून एक आढावा निघाला. त्यात २३ हजारांवर ज्येष्ठ माणसं होती. ज्यांनी व्यायाम केला, त्यांच्यात पडण्याचं प्रमाण जवळपास पावपट कमी, म्हणजे २३ टक्क्यांनी कमी झालं. त्यात तोलाचे आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम मुख्य होते. व्हिडिओ गेमच्या व्यायामावरचे अभ्यासही बरेच झाले आहेत. तोल सुधारतो, माणसं टिकून राहतात असं त्यांतून दिसतं, पण ते अभ्यास बहुतेक लहान आहेत. म्हणून यंत्र आणलं की पडणं थांबेल असं आम्ही म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलेलं लक्षात ठेवा: पासष्टीच्या पुढच्या माणसानं आठवड्याला निदान १५० मिनिटं अंग हलवावं, आणि आठवड्यातून तीन दिवस तरी तोल आणि ताकदीच्या हालचाली कराव्यात. तो खेळ टीव्हीचा आहे की झिम्म्याचा, हे शरीर विचारत नाही.

सुरुवात कशी करायची

आधी आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना सांगा. प्रत्येकाचा बीपी आणि साखर तपासून घ्या. हृदयाचा त्रास आहे, नुकतंच ऑपरेशन झालंय, वारंवार चक्कर येते, अशांनी डॉक्टरांना विचारूनच यावं. बीपीच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून तेही विचारून घ्या.

जागा सपाट, कोरडी, उजेडाची हवी. सतरंजी नको, तिच्यात पाय अडकतो. लुगड्याचा घोळ वर खोचून घ्यायचा. पायात घसरणारी चप्पल नको. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, म्हणजे मागं सरकत नाही. अगदी उपाशीपोटी नको आणि जेवल्या-जेवल्याही नको. पाणी जवळ हवं.

मदतीला येणाऱ्या पोरापोरींना तीन गोष्टी शिकवा. पहिली, आजीचा हात ओढायचा नाही. आपला हात पुढं करायचा, धरायचं आजीनं. उभं राहायचं ते कमजोर बाजूला, अर्धं पाऊल मागं. दुसरी, सगळ्यांसमोर 'आजी, चुकलं' म्हणायचं नाही. तिसरी, आजीची तुलना दुसऱ्या आजीशी करायची नाही, तिच्या मागच्या आठवड्याशी करायची. खेळताना बोलता आलं पाहिजे. धाप लागून बोलणं तुटत असेल तर जास्त झालं, बसवा. छातीत दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

टीव्ही-मोबाईल नसला तरी तीन खेळ आजपासून करता येतात.

पहिला, ऊठबस. खुर्चीवर बसायचं, हाताचा आधार शक्य तितका कमी घेऊन उठायचं, परत बसायचं. अर्ध्या मिनिटात किती वेळा झालं ते मुलीनं वहीत लिहायचं. महिन्यानं परत मोजायचं.

दुसरा, झिम्मा. समोर मुलगी उभी करा, सावकाश टाळी, एक पाऊल बाजूला, परत जागेवर. गिरकी नको. फुगडी आणि कोंबडा तर नकोच. त्यात गुडघ्यावर भार येतो आणि हात सुटला की पडायला होतं.

तिसरा, चौकटी. लहानपणी ठिकरी टाकून खेळायचो, तशा चार चौकटी खडूनं आखा. उडी नाही, फक्त पाऊल टाकायचं. मुलगी रंग किंवा भाजीचं नाव सांगेल, त्या चौकटीत आजीनं पाय ठेवायचा. ऐकायचं, आठवायचं आणि तोलही सांभाळायचा, असं तिन्ही एकदम होतं. बाजूला धरायला भिंत हवीच.

गटाच्या रजिस्टरला एक पान याचंही ठेवा. कोण आलं, कोण आलं नाही. जी आजी दोनदा आली नाही, तिच्या घरी तिसऱ्या दिवशी कुणीतरी जायचं. आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचा नियम हाच.

आणखी दोन कामाच्या गोष्टी. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांसाठी राज्यानं २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. काठी, चष्मा, कानाचं यंत्र, गुडघ्याचा पट्टा अशा साधनांसाठी त्यात एकदाच तीन हजार रुपये मिळतात. सध्या अर्ज घेतात का, ते समाज कल्याण कार्यालयात विचारा. आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फुकट फोनचा नंबर आहे. घरातला छळ असो की पेन्शनचा प्रश्न, तिथं बोलता येतं.

रेडिओसुद्धा चालतो

जपानमध्ये १९२८ पासून रेडिओवर रोज व्यायाम लागतो. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली ही गोष्ट. गाणं सुरू झालं की लोक अंगणात, मैदानात उभे राहतात आणि एकत्र हात-पाय हलवतात. त्यात म्हातारी माणसं पुढं असतात. मग आपला रेडिओ काय कमी आहे? तुम्ही हे ऐकत असाल तर आत्ताच उठा. भिंतीला हात लावा. टाचा वर करा, खाली करा. दहा वेळा. घरात आत्याबाई असतील तर त्यांनाही उठवा. झालं? एवढंच, पण उद्या परत.

आता मावशींचं सांगून थांबतो. त्यांचे गुडघे अजून दुखतात. ऊस तोडायला मुलगा-सून यंदाही गेले. पण मावशी मीटिंगला स्वतः येतात आणि आम्ही रजिस्टर घरी पाठवणं बंद केलंय. यंदा येळवशीला आम्ही विचारलं, "मावशी, गाडीवर बसून येता का शेतात?" म्हणाल्या, "गाडीवर आंबिलीचं मडकं बसू दे. मी चालत येते." नात बाजूला, अर्धं पाऊल मागं. दोनदा बांधावर टेकल्या, पण कोपीपर्यंत पायी आल्या. तीन वर्षांनी.

मैत्रिणींनो, येत्या मीटिंगला एकच काम करा. आपल्या गटातल्या कुणाला आपण 'बसा निवांत' म्हणून घरी बसवलंय, त्यांची नावं काढा. आणि गावातल्या दोन पोरींना त्यांच्या दारात पाठवा. दारात जाऊन त्यांनी म्हणायचं, "आजी, चला, खेळायला."